नजरेपासून बाजारापर्यंत : इस्लाममधील मोहरक्षणाची शिकवण

मुंबईत, वसईत, कोकणच्या बंदरांवर आणि मराठवाड्यातील जुन्या शहरांत मुस्लिम बांधव पिढ्यान् पिढ्या आपले शेजारी म्हणून राहत आले आहेत. त्यांची अजान, त्यांचे रोजे आणि ईदचा शिरखुर्मा आपल्या परिचयाचा आहे. मात्र रस्त्यावर, बाजारात आणि कचेरीत वावरताना मोहापासून स्वतःला कसे सांभाळावे, याविषयी त्यांचा धर्म काय सांगतो याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असते. बुरखा आणि त्यावरून वृत्तपत्रांत होणारे वाद एवढ्यावरच आपले ज्ञान थांबते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे मुस्लिमांविषयी आदर व्यक्त केला आणि परस्परांना समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा असे आवाहन केले. त्या प्रयत्नाचा एक लहानसा भाग म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोह, मन आणि कुजबुज

मोहासाठी कुराणात येणारा महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘फित्ना’. सोने अस्सल आहे की हिणकस हे पाहण्यासाठी ते आगीत घालतात, ही क्रिया या शब्दाच्या मुळाशी आहे. मोह हा केवळ सापळा नसून ती माणसाची कसोटी आहे, असा भाव त्यात आहे. म्हणूनच संपत्ती आणि संतती यांनाही कुराण फित्ना म्हणते (६४:१५). या गोष्टी वाईट नव्हेत. त्या हाती आल्यावर माणूस कसा वागतो यातून त्याचा कस लागतो.

मोहाचा उगम दोन ठिकाणी सांगितला आहे. एक बाहेरचा, म्हणजे सैतान. तो बळजबरी करीत नाही, तो केवळ मनात कुजबुजतो. या कुजबुजीला ‘वसवसा’ म्हणतात आणि कुराणाचा अखेरचा, ११४ वा अध्याय तिच्यापासून रक्षण मागणारी प्रार्थनाच आहे. दुसरा उगम आतला, म्हणजे ‘नफ्स’, माणसाचा स्वतःचा जीव किंवा मन. कुराणातील तीन वेगवेगळ्या उल्लेखांवरून पुढील आचार्यांनी त्याच्या तीन अवस्था मानल्या : वाईटाकडे ओढणारे मन (१२:५३), स्वतःला दोष देणारे मन (७५:२) आणि शांत झालेले मन (८९:२७). पहिल्या अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेकडे जाणे हाच साधकाचा प्रवास होय.

दृष्टीचा संयम : प्रथम पुरुषांना आज्ञा

सार्वजनिक जीवनातील मोहाविषयीची सर्वांत प्रसिद्ध आज्ञा ‘अन्-नूर’ या २४ व्या अध्यायात आहे. येथील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आयत २७ ते २९ मध्ये घरांविषयी सांगितले आहे : परवानगी घेतल्याविना आणि घरच्यांना सलाम केल्याविना दुसऱ्याच्या घरात शिरू नये, परत जा असे सांगितले तर परत जावे. त्यानंतर ३० व्या आयतीत श्रद्धावान पुरुषांना दृष्टी आवरती घेण्यास आणि शील जपण्यास सांगितले आहे. स्त्रियांना तीच आज्ञा ३१ व्या आयतीत आहे आणि वस्त्रांविषयीची सूचना त्यापुढे येते. प्रथम दुसऱ्याचे दार, मग आपली नजर आणि त्यानंतर वस्त्र, असा हा क्रम आहे. जनमानसातील चर्चा मात्र बहुधा वस्त्रापासून सुरू होते आणि तेथेच संपते.

नजर अनवधानाने जाते, हे परंपरेने मान्य केले आहे. पैगंबर मुहंमद यांनी आपले जावई अली यांना केलेला उपदेश हदीसच्या संग्रहांत नोंदलेला आहे : पहिली नजर क्षम्य आहे, पण तिच्या मागोमाग दुसरी नजर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. सहज दिसणे आणि मुद्दाम पाहणे यांतील सीमारेषा येथे आखली आहे. दोष दिसण्यात नसून पुन्हा वळण्यात आहे.

पैगंबरांच्या अखेरच्या हज यात्रेतील (इ.स. ६३२) एक प्रसंग या बाबतीत बोलका आहे. त्यांचा तरुण चुलतभाऊ फज्ल इब्न अब्बास त्यांच्या मागे उंटावर बसला होता. खसअम टोळीतील एक रूपवती स्त्री आपल्या वृद्ध पित्याच्या हजविषयी प्रश्न विचारण्यासाठी आली. फज्ल तिच्याकडे टक लावून पाहू लागला, तेव्हा पैगंबरांनी आपल्या हाताने त्याचा चेहरा दुसरीकडे वळविला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाला उत्तर दिले. या घटनेतून स्त्रीच्या वस्त्रांविषयी कोणता नियम निघतो यावर धर्मशास्त्रकारांत मतभेद आहेत. परंतु चेहरा कोणाचा वळविला गेला याविषयी मतभेद नाही. पाहणाऱ्याला आवरले गेले आणि विचारणारीला तिचे उत्तर मिळाले.

रस्त्याचा हक्क

आमच्या मते या संपूर्ण शिकवणीचे सार सांगणारी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आली आहे. पैगंबरांनी आपल्या सहकाऱ्यांना रस्त्याच्या कडेला बसणे टाळण्यास सांगितले. सहकारी म्हणाले की तसे बसल्याविना चालत नाही, गप्पागोष्टी आणि कामकाज तेथेच होते. यावर पैगंबरांनी सूट दिली, पण एका अटीवर : बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्यावा. तो कोणता, असे विचारता त्यांनी सांगितले की दृष्टी आवरावी, कोणाला उपद्रव देऊ नये, सलामाला प्रतिसलाम करावा, चांगल्याचा पुरस्कार करावा आणि वाईटाला प्रतिबंध करावा.

ज्यांनी आपल्या गावातील नाका, पार किंवा चौकातील कट्टा पाहिला आहे त्यांना या वचनाचे मर्म सांगण्याची आवश्यकता नाही. रस्ता हा जाणाऱ्या-येणाऱ्याचा आहे. कडेला बसणारा तेथे पाहुणा आहे. त्याच्या नजरेमुळे, शेऱ्यांमुळे किंवा पसरलेल्या पायांमुळे कोणाला मान खाली घालून जावे लागत असेल, तर रस्त्याचा हक्क बुडाला. येथे मोहापासून रक्षण म्हणजे जगापासून पळून जाणे नव्हे. लोकांत बसण्याची मुभा आहे. मात्र त्या बसण्याबरोबर कर्तव्य येते.

एकांताचा विवेक

इस्लामी नीतिशास्त्र पापाइतकेच पापाकडे नेणाऱ्या वाटेविषयीही सावध असते. कुराण केवळ व्यभिचार करू नका असे न म्हणता त्याच्या जवळही जाऊ नका असे सांगते (१७:३२). या तत्त्वावरून परका पुरुष आणि परकी स्त्री यांनी बंद दाराआड एकत्र राहू नये असा नियम झाला. अशा एकांताला ‘खल्वा’ म्हणतात आणि तेथे तिसरा सोबती सैतान असतो असे हदीस सांगते. कचेरीतील खोलीचे दार उघडे ठेवणे किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत बोलणे, या अनेक श्रद्धाळू मुस्लिमांच्या सवयी यातून आल्या आहेत. आजचे अनेक आलीम हाच नियम मोबाईलच्या पडद्याला आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या खाजगी संभाषणांना लागू करतात.

एकांतातील मोहाचा आदर्श प्रतिकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते यूसुफ आपल्यालाही परिचित आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायातील योसेफ तो हाच. कुराणाच्या १२ व्या अध्यायात ही कथा सविस्तर आली आहे. उत्पत्तीत योसेफाचे वस्त्र त्या स्त्रीच्या हाती राहते आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. कुराणात त्याचा सदरा मागून फाटलेला असतो आणि त्यावरूनच तो पळत होता, म्हणजे निर्दोष होता, हे सिद्ध होते. तरीही त्याला तुरुंगवास घडतो आणि मोहाला बळी पडण्यापेक्षा तो तुरुंगच पत्करतो.

बाजार आणि कचेरी

मोह म्हटला की आपल्याला प्रथम स्त्री-पुरुष संबंध आठवतात. परंतु इस्लामी परंपरेत बाजारालाही मोहाचे तितकेच मोठे क्षेत्र मानले आहे. मक्का हे व्यापारी शहर होते आणि पैगंबर स्वतः व्यापार केलेले होते. कुराणाच्या ८३ व्या अध्यायाचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी भरणारे यांचा त्यात कठोर निषेध आहे.

एकदा बाजारातून जाताना पैगंबरांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांचा प्रश्न होता. फसविणारा आपल्यातला नव्हे, असे त्यांनी बजाविले. आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडक लावण्याची युक्ती ठाऊक असलेल्या आपल्या समाजालाही हा प्रश्न नवा वाटू नये.

सरकारी सेवेतील मोहाविषयीचा प्रसंग त्याहून मार्मिक आहे. इब्नुल लुतबिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करण्यासाठी पाठविले होते. परतल्यावर त्याने सांगितले की एवढे तुमचे आणि एवढे मला भेट म्हणून मिळाले. पैगंबरांनी व्यासपीठावरून विचारले की हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर याच्याकडे भेटी चालून आल्या असत्या काय? लाच आणि भेट यांतील भेद ओळखण्याची याहून सोपी कसोटी सापडणे कठीण. ती भेट माणसाला मिळाली की खुर्चीला, एवढेच पाहायचे. उमय्या वंशातील खलिफा उमर इब्न अब्दुल अजीज (कारकीर्द ७१७-७२०) यांच्याविषयी सांगतात की खाजगी बोलणे सुरू होताच ते सरकारी तेलाचा दिवा विझवीत आणि स्वतःचा लावीत.

रोजची साधना

मोहाचा प्रतिकार केवळ निश्चयाने होत नाही, त्यासाठी सवय लागते. दिवसातून पाच वेळची नमाज व्यवहाराच्या ओघात खंड पाडते. शुक्रवारच्या नमाजेची हाक येताच खरेदी-विक्री थांबवावी आणि नमाज संपल्यावर पुन्हा उपजीविकेसाठी पांगावे, असे कुराण सांगते (६२:९-१०). व्यापार सोडायचा नाही. त्याने आपला ताबा घेऊ नये एवढी काळजी घ्यायची.

रमजानच्या रोजाला हदीसमध्ये ढाल म्हटले आहे. रोजा केवळ पोटाचा नसतो. कोणी शिवीगाळ केली किंवा भांडण उकरले तर रोजेदाराने आपण रोजा ठेवला आहे एवढेच सांगावे, अशी शिकवण आहे. खोटे बोलणे ज्याने सोडले नाही त्याच्या उपाशी राहण्याची देवाला गरज नाही, असाही इशारा आहे.

या साधनेची सर्वांत सूक्ष्म मांडणी अबू हामिद गझाली (१०५८-११११) यांनी केली. बगदादच्या निझामिया विद्यापीठातील मानाचे पद त्यांनी १०९५ मध्ये सोडले. आपल्या अध्यापनामागे देवापेक्षा कीर्तीची ओढ अधिक आहे, असे त्यांना जाणवले होते. विद्वत्ता आणि धर्मसेवा यांच्यातही मोह लपलेला असतो, हा त्यांचा स्वानुभव होता. ‘इह्या उलूमिद्दीन’ या चाळीस भागांच्या ग्रंथात त्यांनी मनाला व्यापारातील भागीदाराची उपमा दिली आहे. भागीदाराशी सकाळी अटी ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवावे, रात्री त्याच्याकडून हिशेब घ्यावा आणि तूट आली तर ती भरून घ्यावी; तसेच माणसाने आपल्या मनाशी वागावे. झोपण्यापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करण्याची आपली परंपरा ज्यांनी जोपासली आहे, त्यांना हा रात्रीचा हिशेब जवळचा वाटेल.

मनाशी चालणाऱ्या या लढ्याला सूफी परंपरेत ‘मोठा जिहाद’ म्हणतात. ज्या हदीसचा त्यासाठी आधार घेतला जातो तिच्या प्रामाण्याविषयी हदीसशास्त्राच्या जाणकारांनी शंका घेतली आहे, तथापि ही कल्पना खोलवर रुजली. तिचा सूर आपल्या भाषेतही उमटला आहे. सतराव्या शतकात श्रीगोंदे येथील संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ या मराठी ग्रंथात साधकाच्या अंतरंगातील लढाईचे वर्णन केले.

दुसऱ्यावर पहारा किती?

येथवरची शिकवण स्वतःला सांभाळण्याविषयी आहे. परंतु रस्त्याच्या हक्कांत चांगल्याचा पुरस्कार आणि वाईटाचा प्रतिबंध यांचाही समावेश होता. मग दुसऱ्याला मोहापासून रोखण्याचा अधिकार कोणाला आणि किती? या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे.

मध्ययुगीन मुस्लिम शहरांत ‘मुहतसिब’ हा अधिकारी असे. वजनमापे तपासणे, भेसळ पकडणे, रस्त्यातील अडथळे दूर करणे, जनावरांवर अधिक ओझे लादू न देणे आणि उघड अनाचार रोखणे ही त्याची कामे. न्यायशास्त्री मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी त्याच्या अधिकाराला स्पष्ट मर्यादा घातली : जे उघड आहे त्याचीच दखल त्याने घ्यावी, झाकलेले शोधण्यासाठी हेरगिरी करू नये. याला अपवाद आहेत ते खुनासारख्या, नंतर भरून न येणाऱ्या अपराधांचे. या मर्यादेला कुराणाचा आधार आहे. संशय टाळा, एकमेकांवर पाळत ठेवू नका आणि पाठीमागे निंदा करू नका असे ४९:१२ मध्ये सांगितले आहे.

गझाली यांनी याच संदर्भात दुसरे खलिफा उमर यांची एक कथा दिली आहे. एका घरातून आवाज आला म्हणून उमर भिंत चढून आत उतरले आणि आतील माणसाला त्यांनी पापकर्मात पकडले. तो माणूस म्हणाला, मी एक अपराध केला असेन, पण आपण तीन केले : पाळत ठेवली, दाराने न येता भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामाविना शिरलात. या तिन्ही गोष्टींना कुराणाने मनाई केली आहे. उमर यांनी आपली चूक मान्य केली आणि त्याच्याकडून पश्चात्तापाचे वचन घेऊन ते परत गेले.

सौम्यतेविषयीही गझाली आग्रही आहेत. खलिफा मामून (कारकीर्द ८१३-८३३) याला एका उपदेशकाने कठोर शब्दांत सुनावले, तेव्हा मामून म्हणाला की देवाने तुझ्याहून श्रेष्ठ माणसाला माझ्याहून वाईट माणसाकडे पाठविले, तरी मृदू बोलण्यास सांगितले होते. मोशे आणि फारो यांचा तो संदर्भ होता. पुढे चौदाव्या शतकात शिराजचा कवी हाफिज याने तर दांभिक मुहतसिबाला आपल्या गझलांत वारंवार चिमटे काढले.

आजचा काळ

आधुनिक काळात काही राज्यसत्तांनी ही मर्यादा ओलांडली आणि त्याची किंमत प्राधान्याने स्त्रियांनी मोजली. मार्च २००२ मध्ये मक्केतील मुलींच्या शाळेला आग लागून १५ मुलींचा मृत्यू झाला. मुलींनी नीट आवरण घेतले नसल्याने धर्मपोलिसांनी सुटकेत अडथळा आणला, असा आरोप सौदी वृत्तपत्रांनीच केला. शासकीय चौकशीने तो नाकारला, तरी संताप एवढा होता की मुलींच्या शिक्षणाचा कारभार धार्मिक यंत्रणेकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे देण्यात आला. एप्रिल २०१६ मध्ये सौदी अरेबियाने धर्मपोलिसांचा पाठलाग व अटक करण्याचा अधिकार काढून घेतला. इराणमध्ये हिजाब नीट घेतला नाही म्हणून ताब्यात घेतलेल्या २२ वर्षांच्या महसा अमिनी हिचा १६ सप्टेंबर २०२२ रोजी मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने उसळली. त्यांत अनेक हिजाबधारी स्त्रियाही सहभागी होत्या. याउलट अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबानने केलेल्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीचा चेहराच नव्हे तर तिचा आवाजही झाकण्यायोग्य ठरविला.

या घटनांवरून संपूर्ण धर्माची पारख करणे अन्यायाचे ठरेल, तसेच त्या धर्माशी संबंधितच नाहीत असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. त्या त्या सत्ता धर्माच्याच नावाने बोलतात. परंतु ज्या ग्रंथाचा त्या आधार घेतात त्यातच दुसऱ्याच्या दाराशी थांबण्याची आणि पाळत न ठेवण्याची आज्ञा आहे. स्वतःच्या नजरेला सांगितलेला नियम दुसऱ्याच्या देहावर लादला की शिकवणीचा क्रम उलटा होतो. याची आठवण करून देणाऱ्यांत आज मुस्लिम विद्वान, लेखिका आणि सामान्य स्त्री-पुरुष आघाडीवर आहेत.

समारोप

मुंबईतील माहीम येथे मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) या कुराणाच्या भाष्यकाराचा दर्गा आहे. त्याच माहीममध्ये सेंट मायकल चर्च आहे, जेथे दर बुधवारी नोव्हेनासाठी सर्व धर्मांचे लोक येतात. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांना गर्दीचे तेच रस्ते चालावे लागतात आणि वाटेवरचे मोहही तेच असतात. आम्हीही त्या रस्त्याच्या कडेला बसणारे आहोत. शेजारच्या मुस्लिम भगिनीच्या वस्त्राकडे आपण दुसरी नजर कोणत्या भावनेने टाकतो, तिच्याविषयी कट्ट्यावर काय बोलतो आणि तिच्या सलामाला उत्तर देतो की नाही, हे प्रश्न आपल्याही रात्रीच्या हिशेबात यावयास हवेत. रस्त्याचा हक्क सर्वांनीच द्यावयाचा आहे.